शिक्षक हवेत

उपासना संपत आली की सेक्रेटरी सूचना वाचायला उभे राहतात. बुधवारची प्रार्थनासभा कोणाकडे, भगिनी मंडळाची मीटिंग किती वाजता, कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा. इथवर सगळे कान देऊन ऐकत असतात. मग येतं, "शब्बाथ शाळेला शिक्षकांची गरज आहे. प्रभूने ज्यांना ओझं दिलं असेल त्यांनी कृपया नावं द्यावीत." शब्बाथ शाळा म्हणजे रविवारी चर्चमध्ये भरणारे मुलांचे वर्ग. आणि आख्खी मंडळी एकदम खाली मान घालून पुस्तकात शेवटचं गीत शोधायला लागते. गीताचा क्रमांक समोरच्या पाटीवर हातभर आकड्यांत लावलेला असतो, तरी कोणाला सापडत नाही.

मी या शोधणाऱ्यांतली जुनी सभासद.

बाहेर कुठे नाही म्हणायचं असेल तर 'वेळ नाही' एवढं पुरतं. चर्चमध्ये ते चालत नाही. देवासाठी वेळ नाही असं कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून आमच्याकडे नकार फार नम्र असतो. "छे हो, माझी कुठे तेवढी योग्यता!" ऐकणाऱ्याला भक्ती दिसते, बोलणाऱ्याला रविवारची तासभर झोप मिळते. पुढे वयाप्रमाणे कारणं बदलत जातात. आधी मुलं लहान असतात, मग मुलं दहावीला असतात, मुलं मार्गी लागली की गुडघे असतात.

माझ्याकडे यापेक्षा भारी हत्यार होतं. याकोबाच्या पत्रात तिसऱ्या अध्यायाचं पहिलंच वचन आहे, की तुमच्यातल्या पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय जास्त कडक होईल. शास्त्रातच लिहिलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार? पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मी ते म्हणून दाखवलं, तोंडपाठ. ते हसले आणि म्हणाले, "ताई, पुढचं वचन?" पुढचं मला पाठ नव्हतं. घरी येऊन काढलं. आपण सगळेच पुष्कळ बाबतींत चुकतो, असं आहे.

खरं तर सबबी शोधायला बायबलसारखी गैरसोयीची जागा नाही. आपली जी काही सबब असेल ती तिथे कोणीतरी आधीच सांगून झालेली आहे, आणि ती चाललेली नाही. यिर्मया म्हणतो, मी अजून बाळ आहे. गिदोन म्हणतो, आमचं कूळ सगळ्यांत दुबळं आणि घरात मी सगळ्यांत धाकटा. योना काहीच म्हणत नाही, सरळ उलट्या दिशेचं गलबत पकडतो. मोशेने तर जळत्या झुडपासमोर उभं राहून रीतसर यादीच दिली. मी कोण, लोकांना तुझं नाव काय सांगू, ते माझं ऐकणार नाहीत, माझी जीभ जड आहे. सगळ्यांची उत्तरं मिळाल्यावर शेवटी तो मनातलं बोलला, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. देव यावर रागावला असं लिहिलंय. पण रागावूनही त्याने एक सोय केली. बोलायला भाऊ दिला, अहरोन.

मी सापडले ती याच सोयीत. शब्बाथ शाळेचे सुपरिटेंडेंट काका फार धोरणी. त्यांनी मला शिकवायला बोलावलंच नाही. म्हणाले, "लहान वर्गाला एक मुलगी शिकवते. तू नुसती मदतीला बस. हजेरी घे, भांडणं सोडव, खडू संपले तर आणून दे." म्हणजे अहरोनाचं काम. यात योग्यतेचा प्रश्न कुठे येतो? मी बसले. थोड्याच दिवसांत आमच्या मोशेचं लग्न ठरलं आणि ती सोलापूरला गेली. हजेरीचं पुस्तक, खडू आणि पाच ते आठ वर्षांची पोरं माझ्याकडे राहिली. काकांना ते लग्न आधीपासून माहीत होतं असा माझा संशय आहे.

माझ्यावर नजर होती त्याला आणखी एक कारण होतं. आमचं मूळ नगरकडचं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईला उतरले आणि 1831 मध्ये नगरला आले. पुढे आजूबाजूच्या खेड्यांत मिशनच्या शाळा निघाल्या. त्या शाळांचे मास्तर सहा दिवस बाराखडी शिकवायचे आणि सातव्या दिवशी तिथेच उपासना घ्यायचे. नगरकडच्या बहुतेक ख्रिस्ती घराण्यांत असे एखादे मास्तर निघतातच. आमच्यात आजोबा. त्यामुळे मी मान खाली घातली की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणणारच, "अगं, तू मास्तरांची नात ना?" जणू शिकवणं हे नाकासारखं वारशाने येतं. आजोबांना त्या कामाचा पगार होता, थोडका का होईना, हे मात्र कोणी आठवत नाही.

पगारावरून आठवलं. शब्बाथ शाळांची मोठी चळवळ ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते रॉबर्ट रेक्स हे इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरचे वर्तमानपत्रवाले. त्यांनी 1780 मध्ये शाळा सुरू केली ती मुख्यतः टाचण्यांच्या कारखान्यात आठवडाभर राबणाऱ्या मुलांसाठी. त्यांना सुट्टी फक्त रविवारी, म्हणून शाळा रविवारी. लिहायला-वाचायला शिकवायचं, शास्त्र शिकवायचं. त्यासाठी रेक्सनी चार बायका नेमल्या आणि प्रत्येकीला रविवारचा एक शिलिंग ठरवला. फुकट शिकवणारे स्वयंसेवक नंतर आले. ही माहिती मी काकांना मोठ्या आशेने सांगितली. ते म्हणाले, "वा, पुढच्या शिक्षक-सभेत हेच सांग."

पण ही गोष्ट माझ्या डोक्यात राहिली ती शिलिंगामुळे नाही. त्या मुलांना सहा दिवस शाळा नव्हती, म्हणून त्यांना सातव्या दिवशी अक्षरं हवी होती. माझ्या वर्गातल्या मुलांना सहा दिवस शाळा, शाळेनंतर ट्यूशन, ट्यूशननंतर अबॅकस. ती रविवारी सकाळी केस चप्प बसवून, कडक इस्त्रीच्या कपड्यांत येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की आता आणखी एक फळा दाखवू नका. मी फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला. निम्मी भीती तिथेच गेली, कारण फळ्यापुढे उभं राहायला मला लाज वाटायची. जमिनीवर मांडी घालून गोष्ट सांगायला काय, ती कोणत्याही मावशीला येते. एरवी तसंही चर्चच्या आवारात ही पोरं मला मावशीच म्हणतात. वर्गात तेवढं टीचर.

उरलेली निम्मी भीती प्रश्नांची होती. काइनाला बायको कुठून मिळाली, नोहाच्या तारवात डायनासोर होते का, हे नेहमीचे. त्यांची मला चिंता नव्हती. चिंता होती ती दुसऱ्या एका प्रकारच्या प्रश्नाची, आणि भाद्रपदात तो आलाच. दुसरीतली एक मुलगी. "टीचर, मी मैत्रिणीकडे गणपतीला गेले होते. मोदक खाल्ला तर पाप लागतं का?"

महाराष्ट्रातल्या कुठल्याही ख्रिस्ती माणसाला विचारा, या प्रश्नाला घरागणिक वेगळं उत्तर आहे. एका घरात आनंदाने खातात. एका घरात नमस्कार करून घेतात आणि बाहेर येऊन कोणाला तरी देतात. एका घरात दारातच गोड शब्दांत नको म्हणतात. आमच्याच घरात आईचं आणि आजीचं यावर कधी जमलं नाही. मी 'चालतं' म्हटलं तर एक आई पुढच्या रविवारी फाटकात उभी, 'चालत नाही' म्हटलं तर दुसरी. आणि ती मुलगी माझ्याकडे बघतेय, मोदक पोटात जाऊन आठवडा झालेला.

मी म्हटलं, "हा प्रश्न पौलाला पण विचारला होता, करिंथच्या लोकांनी."

"त्यांच्याकडे पण मोदक होते?"

"मटण होतं. मूर्तीपुढे ठेवलेलं."

मटण म्हटल्यावर शेवटच्या रांगेतले दोघे बाकाखालून वर आले. मग मी पौलाचं म्हणणं जमेल तसं सांगितलं. खाण्याने कोणी देवाच्या जवळ जात नाही की लांब जात नाही, असं तो म्हणतो. पण तुझ्या खाण्याने दुसऱ्या कोणाच्या विश्वासाला ठेच लागणार असेल तर त्याचाही विचार कर, असंही म्हणतो. एवढ्या मोठ्या माणसाला आख्खा अध्याय लागला आणि तरी त्याने एका शब्दात उत्तर दिलं नाही. एका मुलाने मध्येच विचारलं, "नाताळला आमची मम्मी सगळ्या बिल्डिंगला करंज्या देते. ते खातात ना?" खातात, डबे रिकामे परत येतात, असं तीन-चार जणांनी साक्षीला उभं राहून सांगितलं. मग कोणाकडच्या करंज्या चांगल्या यावर वाद पेटला आणि मोदक मागे पडला. मी त्या मुलीला एवढंच म्हटलं, "मला विचारशील तर तू काही वाईट केलं नाहीस. पण घरी आईशी बोल, तिचं काय मत आहे ते ऐक."

पुढच्या रविवारी तिची आई खरोखरच फाटकात उभी. माझे हातपाय गार. तिला अध्यायाचा नंबर हवा होता. पहिलं करिंथ, आठवा, मी सांगितलं. "सासूबाईंना दाखवायचाय," म्हणाली आणि आत गेली. त्या घरात पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही.

आता रविवारी मला लवकर जाग येते. उत्साह वगैरे नाही, धास्तीच असते, पण ती परीक्षेसारखी न वाटता पाहुणे येणार असल्यासारखी वाटते. शनिवारी रात्री उद्याचा पाठ काढून बसते आणि हमखास काहीतरी असं दिसतं जे इतकी वर्षं उपदेश ऐकूनही दिसलं नव्हतं. मोठ्यांच्या उपासनेत आपण ओळखीच्या गोष्टींवरून नुसते सरकत जातो. मुलांना सांगायचं म्हटलं की प्रत्येक गोष्टीची लांबी-रुंदी माहीत असावी लागते.

गल्याथाची तर अक्षरशः. दाविदाने मारलेला हा धिप्पाड योद्धा सहा हात एक वीत उंच होता, असं शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मुलं म्हणाली, मोजूया. व्हरांड्याच्या भिंतीवर खडू घेऊन आम्ही मोजायला लागलो, आणि पहिला हात धरला वर्गातल्या सगळ्यांत छोट्या मुलीचा, कारण ती सगळ्यात पुढे होती. सहा हात आणि तिची इवलीशी वीत. रेघ आली पाळकसाहेबांच्या डोक्याच्या जरा वर. "एवढाच?" सगळ्यांचा विरस झाला. मग शिपाईमामा काय गोंधळ चाललाय बघायला आले, तर त्यांचाच हात धरला. या वेळी रेघ खिडकी ओलांडून वर गेली, मामांना स्टूल आणावं लागलं. साधारण पावणेदहा फूट. दाविदाने नक्की कोणता गल्याथ मारला यावर दोन तट पडले. छोटीचं ठाम म्हणणं होतं की मोजायचा तर तिचाच हात, कारण दावीदपण भावांमध्ये सगळ्यात लहान होता.

मी घरी येऊन थोडं वाचलं. मृत समुद्राजवळच्या गुहांत शमुवेलाच्या पुस्तकाचं जे जुनं हस्तलिखित सापडलं, त्यात गल्याथ चारच हात एक वीत आहे. जुन्या ग्रीक भाषांतरातही तसंच. छोटीच्या हाताने हिशेब केला तर तो दुसरीतल्या मुलाएवढा भरतो. हे मी वर्गात अजून सांगितलेलं नाही. भिंतीवर आधीच दोन रेघा आहेत, आणि नाताळच्या रंगापर्यंत तिसरी दिसली तर मामा खडूचा डबा जप्त करणार आहेत.