सोडा घातला आणि फोन वाजला

लेकीच्या वाढदिवसाचा केक यंदा घरीच करतो, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो. बोरिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात मिक्सरलाच धड जागा नाही, ओव्हन कुठला? मग आईला फोन लावला. गिरगावच्या चाळीत ती कुकरमध्ये रव्याचा केक करायची आणि वास पार जिन्यापर्यंत जायचा.

आईचं माप वाटीचं. दीड वाटी बारीक रवा, वाटीभर दही, वाटीभर पिठीसाखर, अर्धी वाटी तेल, वेलचीपूड. अर्धा तास झाकून ठेवायचं म्हणजे रवा फुलतो. मग दूध घालून भज्यांच्या पिठाइतपत सैल करायचं, शेवटी चमचाभर बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा. कुकरच्या तळाला मिठाचा जाड थर, त्यावर जाळी. रिंग आणि शिट्टी काढायची, पाण्याचा थेंबही नको.

एवढं सगळं नीट केलं. सोडा घातला, पीठ छान फसफसलं आणि नेमका सोसायटीच्या पार्किंगवरून फोन आला. वीस मिनिटं गेली त्यात. परत येऊन कुकर तापत ठेवला, मग डबा आत. वर बाराव्या मिनिटाला झाकण उघडून बघितलंच. राहवतं कुठे!

केक मधोमध बसला. कापल्यावर आतून गच्च, चिकट. लेक म्हणाली, "बाबा, ढोकळा गोड झालाय."

मावशीला फोटो पाठवला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "सोडा घातल्यावर किती वेळ थांबलास?" दह्यातला आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की लगेच वायू सुटायला लागतो. तो पिठात आहे तोवरच डबा गरम कुकरात गेला पाहिजे. "तू फोनवर बोलत होतास ना, तेव्हा तुझा केक पातेल्यातच फुगून मोकळा झाला." झाकणाचंही तसंच. कडा शिजतात पण मधला भाग ओलाच असतो, तेव्हा गार हवा लागली की तो खाली बसतो.

बेकिंग पावडरही तपासायला लावली तिने. गरम पाण्यात चमचाभर टाकायची, फसफसली तर चांगली. आमची डबी पावसाळाभर अर्धवट उघडी होती. नुसता पांढरा गाळ खाली बसला. नवी आणली.

दुसऱ्या वेळी फोन बेडरूममध्ये ठेवला. आधी कुकर दहा मिनिटं तापवला, डब्याला तूप लावून मैदा भुरभुरला. टुटीफ्रुटी कोरड्या मैद्यात घोळवून घेतली, नाहीतर ती सगळी तळाशी जाते. सोडा अगदी शेवटी, चार-पाच वेळा हलक्या हाताने फिरवून डबा थेट आत. गॅस बारीक. पस्तीस मिनिटं झाकणाला हात लावला नाही. मग विणकामाची सुई खुपसली तर पीठ चिकटलेलं, म्हणून आणखी सात मिनिटं. पुन्हा खुपसली, कोरडी निघाली. दहा मिनिटं डब्यातच निवू दिला आणि ताटलीवर उपडा केला. कडेला जरा जास्त भाजला होता, पण मधे खड्डा नाही. लेकीने आधी तीच खरपूस कड मागितली.

ते मीठ मी गार करून बरणीत भरलंय. वर चिठ्ठी आहे: 'केकचं मीठ, आमटीत घालू नये'.