लाल बल्बखालची बारा वर्षं

लेकीने परवा जेवताना विचारलं, “आई, तू बारा वर्षं त्या बुरशीत नक्की काय बदलत होतीस गं?” ती डीएनए वाचणाऱ्या यंत्रांवर काम करते, तिला असे प्रश्न पडतात. मी भात कालवत राहिले. खरं उत्तर एवढंच होतं, की आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

१९८३मध्ये मी पेनिसिलीन बनवणाऱ्या एका कंपनीत स्ट्रेन, म्हणजे बुरशीचं वाण, सुधारण्याच्या विभागात लागले. बुरशीचे स्पोअर (तिची बारीक बीजं) पाण्यात घ्यायचे आणि शंभरातला एखादाच जगेल इतका वेळ यूव्ही दिव्याखाली धरायचे. मग खोलीतले दिवे बंद, फक्त लाल बल्ब. साध्या उजेडात बुरशी डीएनएला झालेली इजा स्वतःच दुरुस्त करून टाकते आणि सगळी मेहनत पाण्यात. जगलेल्या प्रत्येकीची वेगळी कॉलनी, वेगळा स्लँट (बुरशी जपायची तिरप्या थराची नळी), वेगळा फ्लास्क, शेकरवर सहा दिवस. सातव्या दिवशी फ्लास्कमधला ब्रॉथ, म्हणजे बुरशी वाढलेलं पातळ खाद्य, जिवाणू पेरलेल्या प्लेटवर घालायचा आणि दुसऱ्या दिवशी जिथे जिवाणू वाढले नाहीत ते वर्तुळ पट्टीने मोजायचं. शेकडो फ्लास्क मोजावेत तेव्हा एखादं वर्तुळ मिलिमीटरभर मोठं निघे. त्या दिवशीचा चहा साहेबांकडून.

ब्रॉथमध्ये फेनिल ॲसेटिक ॲसिड पडायचं. कुणी त्याला मधाचा वास म्हणतं, कुणी मुतारीचा. माझ्या सासूबाई दुसऱ्या पक्षाच्या. दारातच म्हणायच्या, “आधी अंघोळ, मग चहा.”

आमची बुरशीही त्या प्रसिद्ध खरबुजाच्याच वंशातली. १९४३मध्ये अमेरिकेत पिओरियाला बुरशी लागलेल्या एका खरबुजावरचा स्ट्रेन भरपूर पेनिसिलीन देतो असं दिसलं. मग त्याच्यावर क्ष-किरण, यूव्ही, एकामागून एक मारा. विस्कॉन्सिनच्या लोकांनी औषधाला पिवळं करणारा रंगही घालवला. त्याच घराण्यातल्या विस्कॉन्सिन ५४-१२५५ या स्ट्रेनचा जीनोम (सगळा डीएनए) २००८मध्ये प्रसिद्ध झाला: सुमारे ३.२ कोटी अक्षरं, १२,९४३ जीन्स. मी तोवर नोकरी सोडून कधीच घरी बसले होते. आता लेकीने तो पेपर मोबाइलवर पाठवला आणि मी चष्मा लावून दोन दुपारी त्यात घातल्या.

पेनिसिलीनचं मुख्य काम तीन जीन्सचं, आणि ती तिघं शेजारी शेजारी राहतात. एक तीन अमिनो आम्लं साखळीत गुंफतं, दुसरं त्या साखळीची कडी बनवतं, तिसरं तिची शेपटी काढून आमचं ते वासाचं ॲसिड लावतं. पहिली दोन बहुधा फार पूर्वी जिवाणूंकडून आलेली. म्हणजे जिवाणू मारायचं हत्यार जिवाणूंकडूनच घेतलेलं! शेपटी बदलायचं काम पेशीतल्या पेरॉक्सिसोम नावाच्या बारक्या पिशव्यांत चालतं, आणि जास्त उत्पादन देणाऱ्या स्ट्रेनमध्ये या पिशव्याही जास्त असतात. आम्ही वर्तुळं मोजत होतो तेव्हा नकळत पिशव्या निवडत होतो.

मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ५४-१२५५मध्ये त्या तीन जीन्सचा संच एकच आहे. नंतरच्या औद्योगिक स्ट्रेनमध्ये तोच तुकडा पुन्हापुन्हा, एकापुढे एक लागलेला सापडतो. नवीन काही बनलं नव्हतं, त्याच पानाच्या झेरॉक्स निघाल्या होत्या. (शिवाय २०११मध्ये ठरलं की या बुरशीचं खरं नाव पेनिसिलियम रुबेन्स. बारा वर्षं बाटल्यांवर क्रायसोजेनम लिहिलं ते फुकट.)

आमचा एक स्ट्रेन होता, ३१७. फ्लास्कमध्ये राजा. प्लँटवर पहिल्या दोन बॅच उत्तम, तिसऱ्यापासून टायटर, म्हणजे पेनिसिलीनचं प्रमाण, उतरलं. साहेब म्हणाले, “कल्चर थकलं,” आणि विषय मिटला. एकसारखे तुकडे शेजारी असले की पेशी विभागताना त्यातले काही गळूनही पडतात. ३१७च्या पोटात जादा प्रती असतील आणि स्लँटवरून स्लँटवर नेताना त्या आम्हीच हरवल्या असतील, असा माझा आता संशय आहे.

लेकीला सांगितलं. म्हणाली, “एक स्लँट आण, वाचून सांगते.”

कुठून आणू? ३१७चा शेवटचा स्लँट मीच ऑटोक्लेव्हच्या जंतू मारणाऱ्या वाफेत घातला होता.