विषाणूग्रस्त झाडं कंपोस्टात टाकावीत का?

टाकावीत, पण रोग कोणता ते आधी पाहा. पांढरी माशी किंवा मावा ज्यांचा प्रसार करतात, ते बहुतेक विषाणू झाड मेलं की फार टिकत नाहीत. तिथे खरा धोका हिरव्या पानांवरच्या किडीचा; म्हणून उपटलेली झाडं त्याच दिवशी ढिगाच्या पोटात गाडा.

टोबॅको मोझॅक हा विषाणू आणि त्याचे भाऊबंद मात्र फार चिवट. वाळल्या पानातही ते वर्षानुवर्षं तग धरतात. रसातला विषाणू निकामी व्हायला ९० अंशांच्या वर १० मिनिटं लागतात, आणि ढीग एवढा तापतच नाही. तिथे उष्णतेच्या जोडीला जिवाणू-बुरशांनी ऊती पूर्ण कुजवणं गरजेचं, म्हणजे महिने द्यायला हवेत.

ढीग किमान १ मीटर लांब-रुंद-उंच, तुकडे ५ सेंमीचे. ओलावा पाहायला ढिगातला पाला मुठीत आवळला की बोटांच्या फटीत एखादाच थेंब दिसावा. धार लागली तर हवा कोंडते, आंबूस वास सुटतो, ढीग थंड पडतो. मध्यभागी ५५ अंश १५ दिवस टिकवा, त्यात ५ वेळा पालटा आणि कडेचा पाला आत घाला. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: कडा कोमटच राहतात. देठ ओळखू येतोय तोवर खत कच्चं समजा. मोझॅकचे अवशेष असलेलं खत टोमॅटो-मिरचीच्या रोपांना नकोच.