फौजदारी वकिली करायचीय? आधी दोषारोपपत्र वाचायला शिका

लॉ कॉलेजात हातात पडतात ते निवाडे, म्हणजे गाळून निघालेली हकीकत. मुंबईच्या किल्ला कोर्टात किंवा दिंडोशीच्या कोर्टात वकिलापुढे येते ती दोषारोपपत्राची (चार्जशीटची) फाइल मात्र कच्ची असते: एफआयआर, पंचनामे, जबाब, मेडिकलचे कागद, कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून आलेला सी.ए. (केमिकल अॅनालायझर) रिपोर्ट. म्हणून इंटर्नशिपमध्ये सीनियरकडे निकाल लागलेल्या खटल्याची एक अख्खी फाइल मागा, ऑफिसातच बसून वाचा. फोटो काढू नका.

कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: तारीख, वेळ, कागद, पान क्रमांक. घटना कधी घडली, खबर कधी नोंदली, अटक कधी झाली, सगळं क्रमाने उतरवा. पंचनाम्याची सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ दोन्ही लिहा. तोच पंच त्याच वेळी दुसऱ्या पंचनाम्यावरही सही करताना दिसला, तर उलटतपासाचा मुद्दा तिथेच सापडला. मुद्देमाल सील कधी झाला, प्रयोगशाळेत कधी पोचला आणि मधले दिवस कुणाच्या ताब्यात होता, हेही शोधा. बचावाचं निम्मं काम या मधल्या दिवसांत असतं, असं माझं ठाम मत आहे.

इंग्रजी माध्यमातली मुलं अडतात ती पोलिसी मराठीवर. ‘गु.र.नं.’ (गुन्हा रजिस्टर नंबर), ‘सदर इसम’, ‘इकडील पोलीस ठाणे’ आणि घाईत लिहिलेलं अक्षर! रोज दोन पानं मोठ्यानं वाचा.

डिफॉल्ट जामीन, म्हणजे मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही म्हणून आरोपीला मिळणारा जामीन; त्याचा हिशेब हाताने करून पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 प्रमाणे मुदत 60 किंवा 90 दिवस. ती अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून (कोर्टाने कोठडी दिली त्या दिवसापासून) मोजायची आणि तो दिवसही धरायचा. सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये हे स्पष्ट केलं. रिमांड 1 मार्चला, मुदत 60 दिवसांची, तर साठावा दिवस 29 एप्रिल. तोवर दोषारोपपत्र आलं नाही, तर 30 एप्रिलला सकाळीच अर्ज हवा. अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं की हा हक्क गेला, आणि आरोपी आतच राहतो.

जुनी कलमंही सोडू नका. 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागते, आणि तसे खटले कोर्टाच्या बोर्डावर (रोजच्या खटल्यांच्या यादीत) अजून बरीच वर्षं दिसणार आहेत.