ओझोराच्या माळावर: बडोद्याहून युरोपात जाणाऱ्या नाचवेड्यांसाठी

यंदा नवरात्रात बडोद्याला आलो तेव्हा दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या ओळखीच्या घरांमधून एकच चौकशी पुन्हा पुन्हा झाली. मुलगा किंवा मुलगी शिकायला व्हिएन्नाला नाहीतर बुडापेस्टला चालली आहे, तिकडे उन्हाळ्यात उघड्या माळावर आठवडाभर नाचगाण्याचे महोत्सव भरतात असे तिच्या कानावर आले आहे, तर तिथे जावे की नाही आणि जायचे तर कसे, हा त्या चौकशीचा आशय. व्हिएन्नात राहायला गेल्यापासून मी अशा महोत्सवांना जात आलो आहे. त्यांपैकी हंगेरीतील ओझोरा महोत्सवाला यंदाच्या उन्हाळ्यात जाऊन आलो, त्याचा हा वृत्तांत.

ओझोरा हे हंगेरीच्या तोल्ना परगण्यातले, बालातोन सरोवराच्या दक्षिणेकडचे एक लहान गाव आहे. गावाबाहेर दादपुस्ता नावाचे शिवार आहे आणि महोत्सव तिथे, जुलैच्या अखेरीस सुरू होऊन ऑगस्टच्या आरंभापर्यंत चालतो. 11 ऑगस्ट 1999 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा या शिवारावरून गेला, त्या निमित्ताने पहिला मेळा इथे भरला आणि 2004 पासून तो वार्षिक झाला. इथे मुख्यतः वाजणारे सायट्रान्स हे इलेक्ट्रॉनिक नाचसंगीत ज्या गोवा ट्रान्समधून निघाले, ते 1990 च्या आसपास हणजूणच्या किनाऱ्यावर घडले. गोव्याच्या उष्णतेत आणि धुळीत तबकड्यांचा निभाव लागत नसे, म्हणून तिथले वादक, म्हणजे डीजे, डिजिटल फितींवर संगीत वाजवत. आपल्या शेजारच्या किनाऱ्यावरून निघालेले हे संगीत ऐकण्यासाठी आपण व्हिसा काढून हंगेरीच्या शेतात जावे, यात थोडी गंमत आहेच.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला मैदानावरचा नाच नवा नसतो. फाइन आर्ट्सच्या प्रांगणातला गरबा असो की शहरातली मोठमोठी मैदाने असोत, अनवाणी पायांनी धूळ तुडवत तासन्‌तास नाचण्याची सवय आपल्याला शाळकरी वयातच लागते. तरीही ओझोराच्या मुख्य मैदानावर पहिल्यांदा उभे राहिल्यावर शरीर गोंधळते. गरब्यात मध्यभागी गरबो, म्हणजे आत दिवा असलेला घट, असतो, सगळे त्याच्याभोवती फिरतात आणि समोरच्याची टाळी चुकली तर लगेच कळते. इथे मध्य नाही, फेर नाही आणि ठरलेली पावलेही नाहीत. हजारो माणसे एकाच दिशेला, ध्वनिक्षेपकांकडे तोंड करून, प्रत्येक जण आपल्या जागी नाचत असतो. मिनिटाला 140 ते 145 ठोक्यांच्या आसपासची लय अखंड चालू राहते. मी फोनवर आईला याचे वर्णन करत होतो, तेव्हा तिने मध्येच विचारले, "अरे, मग गातं कोण तिथं?" कोणीच गात नाही म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग एवढे तास कशाच्या जोरावर नाचता रे?" प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरते उत्तर असे की शब्द नसल्यामुळे लक्ष श्वासावर आणि पायांवर राहते, आणि पहाटे साडेपाचच्या सुमारास सूर्य वर येऊ लागला की वादकही आपले सूर त्या उजेडाला धरून मोकळे करत नेतो. तेवढ्या एका तासासाठी मी ओझोराला जातो.

मात्र बडोदेकरांनी मुख्य फरक ओळखावा तो निराळा आहे. गरबा रात्री असतो आणि तो आटोपला की आपण घरी जातो. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई करतात आणि राज्य सरकारला वर्षातले फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, त्यामुळे आपल्या नाचाला घड्याळाची चौकट असते. ओझोराचा माळ वस्तीपासून दूर असल्याने तिथे दिवसरात्र वाजत असते. तिथे आपण नाचायला नव्हे, तर आठवडाभर राहायला जातो, आणि ज्याला राहणे जमले त्यालाच नाचणे जमते. पहिल्या रात्री जोशात उजाडेपर्यंत नाचून दुसऱ्या दिवशी उन्हात तापलेल्या तंबूत डोके धरून बसलेली मंडळी दर वर्षी दिसतात. पहिल्या संध्याकाळी तंबू लावावा, पाण्याचे नळ, शौचालये आणि प्रथमोपचाराची जागा पायी फिरून पाहून ठेवावी आणि लवकर झोपावे. नाच कुठे जात नाही.

व्हिएन्नाहून रेल्वेने बुडापेस्टला पोहोचायला साधारण पावणेतीन तास लागतात. तिथून पेच शहराच्या दिशेने जाणारी गाडी पकडली तर शिमोंतोर्न्या हे ओझोराच्या जवळचे स्थानक आहे. मोटारीने जाणार असाल तर ऑस्ट्रिया आणि हंगेरी या दोन्ही देशांच्या द्रुतगती मार्गांसाठी आगाऊ पथकर भरावा लागतो. तो ऑनलाइन भरून पावती फोनमध्ये ठेवावी. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने ऑस्ट्रियाचा निवास परवाना असलेल्याला वेगळा व्हिसा लागत नाही, पण मूळ पारपत्र आणि निवासपत्र दोन्ही जवळ असावीत, छायाप्रत चालेल असे गृहीत धरू नये. हंगेरीचे चलन फोरिंट आहे, युरो नाही.

तंबूची जागा निवडताना सावली संध्याकाळची पाहू नये, सकाळची पाहावी. पूर्वेला झाड असेल तर नऊ-दहापर्यंत झोप मिळते, नसेल तर सातलाच आतली हवा भट्टीसारखी होते. माझ्या शेजारी एका पोलिश जोडप्याने तंबूपासून वीतभर वर, चार काठ्यांवर चंदेरी पत्र्यासारखे चकाकणारे कापड ताणून बांधले होते आणि मधली हवा खेळती ठेवली होती. दुपारी आत हात घालून पाहिला तेव्हा त्यांच्या आणि माझ्या तंबूतला फरक स्पष्ट जाणवला. असे कापड व्हिएन्नाच्या कुठल्याही मोठ्या हार्डवेअर दुकानात मिळते. तिकडे दुपारी पारा 35 अंशांपर्यंत सहज चढतो आणि रात्री स्वेटर लागतो, म्हणून दोन्हींची तयारी हवी. अनवाणी नाचण्याचा मोह होतो, परंतु तिथली जमीन सुकल्यावर दगडासारखी कडक होते आणि गवताचे खुंट तळव्यात घुसतात, त्यामुळे जुने, मऊ तळव्याचे बूट बरे. धुळीसाठी नाकातोंडावर बांधायला सुती पंचा न्यावा. आपल्याकडचा पंचा कुठल्याही महागड्या रुमालापेक्षा चांगला आणि रात्रीत वाळतो.

पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण वैद्यकीय तंबूत जाणाऱ्यांपैकी बरेच जण याच कारणाने जातात. घाम गाळत तासन्‌तास नाचताना नुसतेच भरमसाट पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घसरते आणि तेही धोक्याचे असते. बडोद्याहून निघताना ओआरएसची पाकिटे बॅगेत टाकावीत आणि दिवसातून एक-दोन वेळा मीठ-साखरेचे पाणी प्यावे. भाखरवडी आणि लिलो चिवडा नेल्यास खारट खाण्याची सोय होते आणि शेजाऱ्यांशी ओळखही. शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. तळलेल्या पिठावर आंबट साय आणि किसलेले चीज घातलेला लांगोश पोटभरीचा असतो, फक्त दुपारच्या उन्हात तो खाऊ नये.

कानांसाठी बोळे न्यावेत, आणि ते फोमचे स्वस्त नकोत, संगीतासाठीचे गाळणीचे घ्यावेत. आवाज 85 डेसिबल असेल तर आठ तास ऐकणे सुरक्षित धरले जाते, पण दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटांवर येते. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर ही मुदत केव्हाच संपते.

गुजरातच्या दारूबंदीत वाढलेल्या मुलांना तिथे सकाळपासून बिअर उघड विकली जाते याचे पहिले दोन दिवस नवल वाटते. त्याबद्दल उपदेश करत नाही, कायदा तेवढा सांगतो. हंगेरीत वाहनचालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा शून्य आहे, आदल्या रात्रीची बिअरही त्यात मोजली जाते. अमली पदार्थांबाबत हा देश युरोपातल्या कडक देशांपैकी एक आहे. जवळ बाळगणेच नव्हे, तर सेवनदेखील तिथे फौजदारी गुन्हा आहे. महोत्सवातले वातावरण सैल दिसले म्हणून कायदा सैल आहे असे समजू नये, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या निवास परवान्याचे पुढे काय होईल याचा विचार आधीच करावा.

जी गोष्ट आपल्याकडून गेलेल्यांना सहसा कोणी सांगत नाही ती म्हणजे गोचीड. ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या गवतातल्या गोचिडांमुळे मेंदूज्वर होऊ शकतो आणि त्यावर लस आहे. ऑस्ट्रियात ती सर्रास घेतली जाते. मूळ लसीकरणाचे तीन डोस असतात, पहिल्या दोहोंत एक ते तीन महिन्यांचे अंतर आणि तिसरा त्यानंतर काही महिन्यांनी, त्यामुळे उन्हाळ्यात जायचे तर हिवाळ्यातच सुरुवात करावी. गोचिडांमुळेच होणाऱ्या लाइम रोगापासून ही लस मात्र वाचवत नाही. महोत्सवात रोज अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत आणि केसांच्या मुळाशी तपासावे, गोचीड चिकटलेली आढळल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, तेल किंवा काडीपेटीचे उपाय करू नयेत.

परतीच्या दिवशी पहाटेपर्यंत नाचून तसेच गाडीत बसू नये; शेवटची रात्र झोपेची ठेवावी आणि दुपारनंतर निघावे, तोवर फाटकापाशीची रांगही ओसरते. घरी आल्यावर पुढचे काही आठवडे अंगावर हळूहळू पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, मधे फिकट कडे असो वा नसो, तर ती लाइम रोगाची खूण असू शकते, म्हणून तो खाजत नाही असे म्हणून दुर्लक्ष न करता डॉक्टरांकडे जावे आणि आपण हंगेरीच्या माळावर राहून आल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.