तीन मिलिमीटर

आज सकाळी लिनॅकच्या, म्हणजे कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या यंत्राच्या, रोजच्या तपासणीत रुग्णाला नेमक्या जागी झोपवण्यासाठी वापरला जाणारा भिंतीवरचा एक लेझर तीन मिलिमीटर सरकलेला आढळला, म्हणून बाहेर रुग्ण ताटकळत असतानाही तो जुळवून पुन्हा तपासेपर्यंत आम्ही उपचार सुरू केले नाहीत. एका आजोबांचे चिरंजीव वैतागले. त्यांची एसटी चुकणार होती, त्यामुळे राग रास्तच होता. मला मात्र थेरॅक-२५ हे जुने किरणोपचार यंत्र आठवत होते. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात त्या यंत्राने सहा रुग्णांना किरणांची प्रचंड जादा मात्रा दिली. स्क्रीनवर ‘मालफंक्शन ५४’ असे काहीतरी त्रोटक उमटे आणि अशा संदेशांना सरावलेले ऑपरेटर पुढे जाण्याची कळ दाबत. कोणालाही इजा झाली नसली, तरी सरकलेल्या लेझरची नोंद मी घटना-नोंदवहीत केली. आजोबा साडेअकराला टेबलावर झोपले.