आमची वाटचाल : ज्याच्या त्याच्या घरची भाजणी

डोंबिवलीत फराळवाले गल्लोगल्ली आहेत. पण गिऱ्हाइकाच्या घरच्या प्रमाणाने भाजणी करून देणं आमच्या भागात आम्ही सुरू केलं. ज्यांना पटत नसेल त्यांनी येऊन आमची वही बघावी.

सुरुवातीला सगळ्यांना एकच भाजणी होती: तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, उडीद एक, मूग अर्धा. समोरच्या वहिनी भागीदार. भाजणं त्यांचं, सोऱ्या माझा. (सोऱ्या पितळीच. हलक्या सोऱ्याची चकती घट्ट पिठाला वाकते.) वरच्या मजल्यावरच्या आजींना गुडघ्यांमुळे ओट्याशी उभं राहवेना, म्हणून त्यांनी चकली आमच्याकडून घेतली. चाखून म्हणाल्या, "छान आहे गं, पण आमची नाही. शेजारी ताट कुठल्या तोंडाने पाठवू?"

त्यांच्या भाजणीत पोहे असायचे आणि धणे जरा पुढे भाजलेले. प्रमाण विचारलं तर म्हणे वाटीने घेते. वहिनींनी ती वाटीच मागून आणली, काठाला पोचा आलेली. प्रत्येक जिन्नस तिच्यात भरून वजन केलं आणि वहीत उतरवलं. पुढे कुणाचा साबुदाणा आला, कुणाचे जिरे दुप्पट. तुम्हीही आईची वाटी एकदा काट्यावर ठेवाच. अंदाज तिच्याबरोबर जातो.

आजी गेल्या. धाकटा ठाण्यात, थोरला न्यूजर्सीत. जागेवरून बोलणं बंद. पण गणपती झाले की दोघांचे फोन येतात आणि दोघेही एकच विचारतात, "आईच्या वाटीचीच ना?"

मधली वर्षं बरी गेली. परवाना, पॅकिंग, जीएसटी, सगळं रीतसर.

मग आमची परदेशी पार्सलं उचलणाऱ्या एजंटाला बुद्धी सुचली. पत्ते सगळे त्याच्याच हातात. त्याने एकेकाला फोन लावले: फराळही आमच्याकडूनच घ्या, पार्सलसकट स्वस्तात. माल कारखान्यातला, पामतेलात तळलेला. डबा उघडला की वासावरून कळतं. तरी निम्मी गिऱ्हाइकं गेली. त्यांत आमच्या मुंजी-बारशांना जेवलेली माणसंही होती, हे मी विसरलेले नाही. बायकांचे पगार थकले तेव्हा वहिनींनी भिशीचे पैसे आणून ओट्यावर ठेवले. घरी काय ऐकून घेतलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

त्यातून सावरतोय तोवर 2025 उजाडलं. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी 29 ऑगस्टपासून काढली, आणि 25 ऑगस्टपासूनच टपालात तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबलं. पुन्हा सुरू झालं 15 ऑक्टोबरला, दिवाळी अगदी तोंडावर आल्यावर. खासगी कुरियरचा खर्च फराळापेक्षा जड. आमच्याकडे भाजण्या दळून तयार! एजंटाने म्हणे लोकांचे आगाऊ पैसे घेऊन फोन उचलणं सोडलं.

वहिनी म्हणाल्या, चकली मोडते, पीठ मोडत नाही. मग नातवंडांकडे निघालेल्या आईवडिलांच्या बॅगांतून भाजणी पाठवली, स्वतःची आणि ओळखीतल्यांचीही. सोबत चिठ्ठी: मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरते, कमी झालं तर दात हलतात, गार झाल्याशिवाय डबा लावू नका. पुष्कळांनी तिकडे पहिल्यांदाच सोऱ्या हातात धरला. वेडीवाकडी वेटोळी, फोटो मात्र भरभरून आले.

ठाण्याचा धाकटा आपली पिशवी न्यायला आला. पैसे दिले, चपला घातल्या आणि दारातच थांबला. "दादाची कशी जाणार?" मी म्हटलं, माणूस मिळालेलं नाही. "आमच्या सोसायटीतले काका चाललेत," म्हणाला आणि दोन्ही पिशव्या घेऊन गेला.

एजंटाचा फराळ आता बंद आहे. परवा त्याची मावसबहीण दोन किलो भाजणी घेऊन गेली, वर घासाघीस केली. एक रुपया सोडला नाही.